वेगाच्या आधी गिअर: स्पोर्ट्स कार पहिल्यांदा चालवून पाहणाऱ्यांसाठी

पहिल्यांदाच दमदार स्पोर्ट्स कार चालवून आलेल्या माणसाला ‘कशी वाटली?’ म्हणून विचारा. ‘अरे, काय पळते!’ एवढंच उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं. त्याचा दोष नाही. पाचशे हॉर्सपॉवरच्या गाडीचा ॲक्सिलरेटर पहिल्यांदा तळापर्यंत दाबला की पाठ सीटला चिकटते, पोटात खड्डा पडतो आणि डोक्यात दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. गिअरबॉक्स उत्तम असो, बरा असो की रडका असो, त्या दहा मिनिटांत सगळेच छान वाटतात.

पंचाईत पुढे होते. पळण्याचं नवल ओसरतं. गिअर मात्र प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वळणाला बदलावे लागतात. म्हणून नवख्यांना माझं एकच सांगणं असतं: गाडी पारखायची तर आधी हळू चालवा. गिअरबॉक्सचा स्वभाव कळतो तो माणसाच्या चालीच्या वेगात, तेल थंड असताना, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर आणि ब्रेक मारत खालचे गिअर टाकताना. शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते हे कंपनीच्या पत्रकात छापलेलंच असतं. ते ताडून बघायला तुम्ही जायची गरज नाही.

पुढचा क्रम मी स्वतः पाळतो. वेळ कमी असेल तर शेवटच्या पायऱ्या गाळा, पहिल्या नको.

१. बसण्याआधी: आत कोणता गिअरबॉक्स आहे?

‘ऑटोमॅटिक आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. क्लचचं पेडल नसलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये आतून तीन वेगळ्या जाती असतात, आणि तिघींचे रुसवेफुगवेही वेगळे. चौथी जात मॅन्युअलची. तिची ओळख करून द्यायला नको.

पहिली जात सिंगल-क्लच. म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम हायड्रॉलिक यंत्रणा करते. तुम्ही स्टिअरिंगमागचं पॅडल ओढायचं. याचं मूळ शर्यतीत आहे. १९८९ साली डिझायनर जॉन बर्नार्ड यांनी फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीला असा गिअरबॉक्स दिला. तो शर्यत संपेपर्यंत टिकेल याची खुद्द संघालाच खात्री नव्हती, आणि नेमकी ब्राझीलची ती मोसमातली पहिलीच शर्यत नायजेल मॅन्सेल यांनी जिंकली. १९९७ मध्ये एफ३५५ मधून हे तंत्र फेरारीच्या रस्त्यावरच्या गाड्यांत आलं. बीएमडब्ल्यूचा एसएमजी, लॅम्बोर्गिनीचा ई-गिअर ही त्याच कुळातली भावंडं. हा गिअरबॉक्स हलका असतो, जोरात चालवताना मजा आणतो. पण क्लच एकच, त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर चाकांकडे जाणारी ताकद तुटते आणि गाडी मान डोलावल्यासारखी पुढे झुकते. ४३० स्कुडेरियापर्यंत येताना फेरारीने गिअर बदलण्याचा वेळ ६० मिलिसेकंदांवर आणला होता. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. तरी ती मान डोलायची काही थांबली नाही.

दुसरी जात ड्युअल-क्लच, आज सगळ्यात जास्त दिसणारी. कल्पना सोपी आहे: १, ३, ५, ७ हे गिअर एका क्लचवर आणि २, ४, ६ दुसऱ्यावर. तुम्ही तिसऱ्यात पळत असता तेव्हा चौथा आधीच जोडून तयार असतो. बदलायची वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच वेळी दुसरा धरतो, मध्ये ताकद जवळपास तुटतच नाही. पोर्शेने १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत याचे प्रयोग केले. रस्त्यावरच्या गाडीत मात्र ते आधी आणलं फोक्सवॅगनने, २००३ च्या गोल्फ आर३२ मध्ये. पुढे २००५ ची बुगाटी वेरॉन, २००७ ची निसान जीटी-आर, २००८ मध्ये पोर्शे ९११, असं करत २००९ मध्ये फेरारी ४५८ आली तेव्हा तिला मॅन्युअलचा पर्यायच नव्हता.

या यंत्राची मेख ‘आधीच तयार’ या दोन शब्दांत आहे. पुढे तुम्ही वरचा गिअर मागणार की खालचा, याचा अंदाज संगणक बांधतो. अंदाज बरोबर आला तर गिअर लोण्यातून सुरी फिरावी तसा बदलतो. चुकला तर एक छोटीशी ‘थांब हं’ जाणवते. सहाव्यातून एकदम चौथा मागितला तर हे दोन्ही एकाच क्लचवरचे. त्यामुळे तिथेही किंचित वेळ जातो. आपल्याला हेच तपासायचं आहे.

तिसरी जात टॉर्क कन्व्हर्टरवाली पारंपरिक ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. हलक्या वेगात ते घसरतं, पुढे आतला लॉक बसून जोड पक्का होतो. पूर्वी स्पोर्ट्स कारवाले हिला नाकं मुरडायचे, आणि तेव्हा ते बरोबरही होतं. २००९ मध्ये झेडएफ या जर्मन गिअरबॉक्स कंपनीचा आठ गिअरचा ८एचपी आला आणि चित्र पालटलं. बीएमडब्ल्यूने एम३ ला आधी सात गिअरचा ड्युअल-क्लच दिला होता. २०२० साली आलेल्या पिढीत तो काढून आठ गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक बसवली. एवढ्या नामांकित गाडीने ‘मागे’ जाण्याचं कारण सोपं आहे. वेगातला फरक जवळजवळ संपला होता, आणि गर्दीत सरपटताना तेलाचा जोड कोरड्या किंवा ओल्या (म्हणजे तेलात बुडालेल्या) क्लचपेक्षा नेहमीच मऊ असतो.

मधलेही प्रकार आहेत. मर्सिडीज-एएमजीच्या काही गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरच्या जागी ओला क्लच आहे आणि मागे नेहमीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नावांच्या जंजाळात शिरू नका. विक्रेत्याला एवढंच विचारा: गाडी जागेवरून हलवताना क्लच धरतो की तेल? आणि क्लच असेल तर एक की दोन?

२. बसल्यावर, इंजिन बंद असताना

ही पायरी दोन मिनिटांची आहे आणि जवळजवळ सगळेच ती गाळतात.

मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण दाबा. तळाला टेकल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. दिसायला रुबाबदार म्हणून मागे रेलून बसलात तर पुढच्या सगळ्या पायऱ्या फुकट. गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये डावी-उजवीकडे हलवून सोडा. स्प्रिंगने तो तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत परत यायला हवा. मग प्रत्येक गिअर सावकाश टाकून बघा. हाताला अंतर कळतं, खाच कळते, आणि पहिल्या-दुसऱ्याच्या रांगेतून बाहेर पडताना मनगट किती वळवावं लागतं तेही कळतं. काही गाड्यांत ‘डॉगलेग’ मांडणी असते: पहिला गिअर डावीकडे खाली, आणि दुसरा-तिसरा समोरासमोर. जुन्या युरोपीय एम३ मध्ये ती होती, अलीकडे ॲस्टन मार्टिनच्या व्हँटेज एएमआरमध्येही. हे आधी माहीत नसेल तर पहिल्याच सिग्नलला फजिती ठरलेली.

पॅडलवाली गाडी असेल तर पॅडल कुठे बसवलंय ते बघा. फेरारीत ते स्टिअरिंगच्या खांबाला असतं, म्हणजे चाक वळलं तरी जागेवरच. पोर्शेत ते स्टिअरिंगबरोबर फिरतं. निसान जीटी-आरने तर आधी खांबाला लावलेलं पॅडल २०१७ च्या आवृत्तीत स्टिअरिंगवर आणलं. मला स्वतःला खांबाचं आवडतं, कारण अर्धं चाक वळलेलं असतानाही उजवं पॅडल कुठे आहे हे शोधावं लागत नाही. पण हात लहान असतील तर तिथवर बोटं पोचत नाहीत. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, स्वतःची बोटं नेऊन बघा.

३. पहिली दहा मिनिटं: थंड आणि हळू

विक्रेता गाडी आधीच गरम करून ठेवतो, हा त्याचा पाहुणचार. शक्य असेल तर नम्रपणे सांगा की मला थंड इंजिनापासून सुरुवात करायची आहे. गिअरबॉक्सचं तेल थंड असताना घट्ट असतं आणि यंत्र आपली कुरकुर लपवू शकत नाही. जुन्या मॅन्युअल फेरारींचा दुसरा गिअर तेल गरम होईपर्यंत आत जायला तयार नसतो. अनुभवी मालक तेवढा वेळ पहिल्यातून थेट तिसरा टाकतात. अशा गाडीत तो दोष नसून स्वभाव आहे. आधुनिक गाडीत मात्र थंडपणी थोडा जडपणा चालेल, खरखर नाही.

मॅन्युअलवर आता ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय न लावता फक्त क्लच सावकाश सोडून गाडी हलवा. क्लच कुठे धरतो? पेडल वर येताना मधल्या टप्प्यात, हळूहळू धरला तर उत्तम. अगदी शेवटी, एकदम धरत असेल तर क्लच झिजत आला असण्याची शक्यता आहे. तीनचार वेळा थांबून पुन्हा निघा. डाव्या मांडीला काय वाटतं ते लक्षात ठेवा. चाळीस मिनिटांच्या गर्दीत हेच दहापट वाटणार आहे.

ड्युअल-क्लचवर ब्रेक सोडा आणि काहीच करू नका. गाडी आपणहून सरकते का? सरकताना थरथरते का? मग चालीच्या वेगाने पुढे-मागे करा: थोडा ॲक्सिलरेटर, सोडा, पुन्हा थोडा. इथे पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये घोटाळणारा गिअरबॉक्स लगेच उघडा पडतो. तुम्ही पाय काढता तेव्हा तो दुसरा टाकायच्या बेतात असतो, तुम्ही पुन्हा दाबता आणि तो गोंधळतो. एक छोटा झटका येतो, मानेला कळेल एवढा. शर्यतीच्या मैदानावर वाघासारखे वागणारे काही गिअरबॉक्स पार्किंगमध्ये नवशिक्यासारखे वागतात.

आणि मग चढ. याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण मी स्वतः तोंडावर पडलोय. एकदा एका जुन्या सिंगल-क्लच गाडीला चढावर उलटं घेऊन अरुंद जागेत लावायचं होतं. इंच-इंच मागे, थांब, पुन्हा मागे. तिसऱ्या प्रयत्नाला जळका वास आला, चौथ्याला पडद्यावर इशारा, आणि पाचव्याला गाडीने हलायलाच नकार दिला. अर्धा तास थंड होऊ दिल्यावर ती निघाली. गाडीचा दोष नव्हता, चालवण्याचा होता. एका क्लचला तुम्ही चढावर अर्धवट धरून ठेवता तेव्हा तो घासत राहतो, आणि तुमच्या पायाखाली क्लच नसल्यामुळे हे घासणं तुम्हाला जाणवतही नाही. अशा गाडीत चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची नाही. ब्रेक धरायचा, निघायचं तेव्हा ठामपणे निघायचं. ड्युअल-क्लचलाही हाच नियम लागू, थोडी मुभा जास्त. टॉर्क कन्व्हर्टर मात्र हे सगळं हसत सोसतो.

४. उघड्या रस्त्यावर: मधला भाग

तेल गरम झालं की रस्ता मोकळा बघून तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवर (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला २,००० फेऱ्यांवर) या आणि ॲक्सिलरेटर अर्धा दाबा. पूर्ण नाही. टर्बो इंजिन क्षणभर श्वास घेईल आणि मग लोंढा येईल; बिनटर्बोचं इंजिन लगेच पण सौम्य उत्तर देईल. इथेच कळतं की या इंजिनाला कसा जोडीदार हवा. ज्या इंजिनाची ताकद मधल्या आरपीएमवरच भरपूर आहे, त्याला ऑटोमॅटिक छान शोभते. गिअर सारखे बदलत बसावं लागत नाही. होंडा एस२००० सारखं ९,००० आरपीएमपर्यंत चढणारं इंजिन हाती असेल तर गिअर बदलण्यातच सगळी मजा आहे, आणि ते काम दुसऱ्याला देणं म्हणजे सुट्टीला जाऊन खोलीत झोपण्यासारखं.

आता गिअरच्या गुणोत्तरांकडे बघा, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला किती फेरे घ्यावे लागतात. गणित साधं आहे. समजा दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.० आणि तिसऱ्याचं १.४. ८,००० आरपीएमवर गिअर बदलला तर इंजिन ५,६०० वर येऊन थांबेल. त्या ५,६०० वर इंजिनात जोर असेल तर गाडी न अडखळता पुढे जाते. नसेल तर प्रत्येक बदलानंतर एक पोकळी जाणवते. त्याचबरोबर दुसरा गिअर किती वेगापर्यंत जातो ते विचारा. पोर्शे ७१८ केमन जीटी४ चा मॅन्युअल गिअरबॉक्स हाताला अप्रतिम लागतो, पण दुसरा गिअरच १३० किमीच्या पलीकडे जातो. म्हणजे वेगमर्यादा पाळत चालवायचं तर इंजिनाचा वरचा गोड भाग फक्त पहिल्या आणि दुसऱ्यात, तोही अर्धामुर्धा वाट्याला येतो. एवढी चांगली वस्तू आणि वापरायला जागा नाही, याची चुटपुट मला ती गाडी पाहिली की दरवेळी लागते.

मॅन्युअलमध्ये आणखी एक गोष्ट पाहा: वरचा गिअर टाकताना क्लच दाबला की आरपीएम किती पटकन उतरतात? काही आधुनिक इंजिनांत धुराच्या नियमांमुळे आणि जड फ्लायव्हीलमुळे (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या वजनदार चकतीमुळे) ते लोंबकळतात. तुम्ही पुढचा गिअर टाकून क्लच सोडता तेव्हा इंजिन अजून वरच असतं, मग गाडी हिसका देते. नवख्याला वाटतं आपलंच चुकतंय. दोन वेगवेगळ्या वेगांनी गिअर बदलून पाहा. सावकाश बदलल्यावरच सफाई येत असेल तर दोष तुमच्या पायाचा नाही.

५. खालचे गिअर: खरी परीक्षा

वरचा गिअर टाकणं कोणत्याही गिअरबॉक्सला जमतं. गाडीची जात कळते ती ब्रेक मारत खालचा गिअर टाकताना.

कारण असं: खालच्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिनाला जास्त फिरावं लागतं. मगाचेच आकडे घ्या. तिसऱ्यात ४,२०० आरपीएमवर असाल तर दुसऱ्यात ६,००० लागणार. ही मधली तफावत कोणी भरून काढली नाही तर क्लच सुटताच चाकं इंजिनाला ओढतात, गाडी दचकते, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं क्षणभर अडकून शेपूट फिरूही शकते. म्हणून क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटरला एक छोटा टोला देऊन आरपीएम वर आणायचे. उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर आणि बाजूची कड ॲक्सिलरेटरवर, यालाच हील-अँड-टो म्हणतात. नावात टाच असली तरी बहुतेक जण टाच वापरतच नाहीत.

नवख्यांची यात एक ठरलेली चूक होते. ते हळू चालवताना, हलक्या ब्रेकवर याचा सराव करतात आणि जमत नाही म्हणून वैतागतात. हलक्या ब्रेकला पेडल वरच राहतं, ॲक्सिलरेटर त्याच्या मागे खोल राहतो आणि पाय पोचत नाही. जोरात ब्रेक मारल्यावर दोन्ही एका पातळीत येतात. तेव्हा सुरुवातीला गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून, पाय कुठे कसा फिरतो तेवढंच बसवा.

हे शिकायचंच नसेल तर आता यंत्रही मदतीला आहे. निसानने २००८ साली ३७०झेड मध्ये असा मॅन्युअल आणला की जो हा टोला स्वतःच देतो. नंतर इतरांनीही तो दिला. काही शुद्धतावादी याला पाप मानतात. मी मानत नाही, फक्त तो बंद करण्याचं बटण असावं एवढी माझी अट.

मॅन्युअलचा एक धोका मात्र कोणतंही यंत्र टाळत नाही. तिसऱ्यात ७,५०० आरपीएमवर आहात, चौथा टाकायचाय, आणि घाईत हात डावीकडे खेचला जाऊन दुसरा पडला. चाकांच्या जोरावर इंजिन १०,७०० च्या आसपास फिरवलं जाईल. आरपीएमची मर्यादा राखणारा संगणक इथे काही करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन तोडू शकतो. इंजिनाला इथे इंधन नव्हे, रस्ता फिरवतोय. व्हॉल्व्ह वाकतात, कधी इंजिन जातं. उपाय एवढाच की तिसऱ्यातून चौथ्यात जाताना दांडा मुठीत आवळायचा नाही, तळव्याने सरळ मागे ओढायचा. स्प्रिंग त्याला त्याच्या रांगेत ठेवते, आपण मध्ये पडायचं नाही. पॅडलवाल्या गाडीत ही भीती नाही. अवास्तव खालचा गिअर मागितला तर ती नकार देते.

त्या नकारावरूनही गाडी पारखता येते. जोरात ब्रेक मारत डावं पॅडल दोनदा, तीनदा ओढा. चांगला ड्युअल-क्लच प्रत्येक मागणी लगेच पुरी करतो, किंवा आरपीएम बसतील त्या क्षणी करतो. वाईट गिअरबॉक्स एखादी मागणी गिळून टाकतो. वळणात शिरल्यावर तुम्हाला कळतं की आपण तिसऱ्यात समजत होतो आणि आहोत चौथ्यात. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांत हे मागणी गिळणं मला जास्त वेळा भेटलंय, निदान ब्रेकच्या टप्प्यावर.

६. वळणात आणि बटणांवर

ऑटोमॅटिक मोडवर ठेवून एक लांब वळण घ्या, ॲक्सिलरेटर स्थिर. वळणाच्या मध्येच वरचा गिअर पडला तर गाडीचा तोल किंचित ढळतो. समजूतदार गाडी वळण संपेपर्यंत थांबते.

स्पोर्ट, स्पोर्ट प्लस, ट्रॅक अशी बटणं असतात. बहुतेकांत वरच्या मोडला गिअर बदलताना मुद्दाम एक धक्का दिला जातो, जोर वाटावा म्हणून. पहिल्यांदा तो आवडतो. पाचव्यांदा वाटतं, कशाला? लाँच कंट्रोल, म्हणजे उभी गाडी पूर्ण जोरात सोडण्याची सोय, दाखवायचा आग्रह विक्रेत्याने केला तर एकदा बघा आणि पुरे करा. त्यातून क्लच तापण्यापलीकडे तुम्हाला गिअरबॉक्सबद्दल नवीन काही कळत नाही.

७. मग कोणता घ्यावा?

आकड्यांनी निकाल लावायचा तर तो कधीच लागला आहे. २०२१ साली आलेल्या पोर्शे ९११ जीटी३ चं उदाहरण घ्या, कारण एकच गाडी, एकच इंजिन, दोन गिअरबॉक्स. ड्युअल-क्लचवाली शंभरचा वेग ३.४ सेकंदांत गाठते, मॅन्युअल ३.९ मध्ये. मॅन्युअलच्या बाजूला १,४३५ ऐवजी १,४१८ किलो वजन आणि ३१८ ऐवजी ३२० किमीचा सर्वोच्च वेग, एवढीच जमा.

तरीही त्याच गाडीचा इतिहास बघा. २०१३ मध्ये पोर्शेने जीटी३ मधून मॅन्युअल काढून टाकला होता. वेगवान गाडीला वेगवान गिअरबॉक्स, तर्क बिनतोड. चाहते मात्र रुसले. २०१६ मध्ये फक्त मॅन्युअल असलेली ९११ आर काढली, मोजून ९९१ गाड्या, आणि तिच्यावर उड्या पडल्या. २०१७ मध्ये जीटी३ ला मॅन्युअलचा पर्याय परत आला. टोयोटानेही सुप्राला २०२२ मध्ये मॅन्युअल दिला, आधी नव्हता. डिझायनर गॉर्डन मरे यांची १२,१०० आरपीएमपर्यंत जाणारी टी.५० सहा गिअरच्या मॅन्युअलवरच चालते. उलट शेव्हरोलेने इंजिन मध्यभागी असलेली नवी कॉर्व्हेट केवळ ड्युअल-क्लचमध्ये आणली, आणि फेरारी, लॅम्बोर्गिनी यांनी मॅन्युअलचा विषय कधीच मिटवला.

माझं मत विचाराल तर: गाडी रोज, गर्दीतूनही नेणार असाल तर टॉर्क कन्व्हर्टर घ्या आणि कोणी काही म्हणो. वर्षातून अनेकदा ट्रॅकवर जाणार असाल, वेळ मोजणार असाल, तर ड्युअल-क्लच; दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात आणि डोकं ब्रेकच्या खुणेवर राहतं. शिकण्यासाठीही तो वाईट नाही, कारण वळणाची रेषा शिकत असताना पायांची कसरत त्यात मिसळत नाही. गाडी सकाळी रिकाम्या रस्त्यावर, पोचायची घाई नसताना काढणार असाल तर मॅन्युअल. तिथे अर्धा सेकंद वाचवून करणार काय? सिंगल-क्लच मात्र एखाद्या ठरावीक गाडीवर जीव जडला असेल तरच. तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं: वरचा गिअर टाकताना पाय किंचित उचलायचा, मग मान डोलत नाही. २०११ च्या लॅम्बोर्गिनी ॲव्हेंटाडोरचा ५० मिलिसेकंदांचा गिअरबॉक्सही याच जातीचा होता, आणि रमतगमत चालवताना तोही हेच मागतो.

विजेच्या गाड्यांचं काय, हा प्रश्न येतोच. बहुतेकांना एकच गिअर पुरतो; पोर्शे टायकनला मागच्या बाजूला दोन आहेत. गंमत म्हणजे ह्युंदाईने आयोनिक ५ एन मध्ये आठ गिअरचं सोंग वठवलं आहे: पॅडल ओढा, खोटा धक्का, खोटा आवाज. हसून सोडून द्यावं असं वाटलं होतं, पण वळणात शिरताना आपला वेग किती हे कानाला कळायला त्या सोंगाची खरोखर मदत होते.

८. जुनी गाडी असेल तर

दुसऱ्या हातची स्पोर्ट्स कार पाहताना वरच्या सगळ्या पायऱ्या कराच, आणि त्यानंतर कागद मागा. सिंगल-क्लच गाडीत क्लच किती झिजला हे बऱ्याचदा निदान-संगणक जोडून वाचता येतं. तो आकडा पाहिल्याशिवाय बोलणी करू नका. ड्युअल-क्लचमध्ये गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकानुसार बदलल्याच्या नोंदी बघा. ‘त्यात तेल बदलावं लागत नाही’ असं कोणी म्हणालं तर गाडीची माहितीपुस्तिका उघडून तुम्हीच पान काढा. मॅन्युअल गिअरच्या पोर्शेत संगणक मर्यादेपलीकडे गेलेले आरपीएम टप्प्याटप्प्याने नोंदवून ठेवतो, आणि शेवटचा प्रकार किती तास आधी घडला तेही. वरच्या टप्प्यांत नोंदी दिसल्या तर मगाशी सांगितलेला तो चुकीचा दुसरा गिअर कुणाच्या तरी हातून पडलेला आहे. मालक कितीही सज्जन दिसला तरी आधी इंजिन तपासून घ्या.

तपासणीसाठी गाडी पुन्हा मागावी लागेलच. त्या वेळी ती थंड असेल तेव्हाच बोलवा म्हणावं.